मटणावरचा आळ

(गडमुडशिंगीतला एक दवाखाना, १९९८. खाटेवर हंबीरराव, शेजारी त्यांची बायको आक्काताई. डॉक्टर दीक्षा इंजेक्शनची बाटली हलवतेय.)

हंबीरराव: गोळ्या नकोत, डॉक्टरीणबाई. गोळ्या पोरांना द्या. आमाला सुई मारा. जरा दणका बसला पायजे.

दीक्षा: खुरपं लागलं तेव्हाच पाय धुतला असता, तर दणक्याची गरज पडली नसती. मामा, याआधी कुठल्या औषधानं त्रास झालाय? सूज, अंगावर गांधी उठणं, दम लागणं?

हंबीरराव: औषधानं? ह्या हंबीररावाला? न्हाय बा. आमचा वैरी एकच. मटण.

दीक्षा: कोल्हापूरच्या माणसाला मटण बाधलं?

आक्काताई: सा वरसं तोंडाला लावलं न्हाय ह्यांनी. गारगोटीला माझ्या भावाकडं, बाळासोकडं, जत्रंला गेलतो. रश्श्याचा पयला घोट घेतला आन ह्यांचं व्हट टम्म फुगलं. अंगभर गांधी, श्वास घुसमटला. डॉक्टर पळत आला म्हणून वाचलं.

हंबीरराव: मेव्हण्यानं रोगट बोकड कापलं, दुसरं काय!

दीक्षा: पंगतीत आणखी कुणाला झालं?

हंबीरराव: कुणाला न्हाय. सगळी ढेकर देत उठली. म्हंजे बघा, मुद्दाम माझ्याच ताटात वाढलं!

आक्काताई: थांबा वो, डॉक्टरीणबाई. ती बाटली... पांढरी पूड, पाणी घालून हलवायची. अस्सलीच सुई त्या दिवशी जेवायच्या आधी मारलीती ह्यास्नी. घसा धरलाता, पर रस्सा सुटंना. सुई घेतली आन तसंच पंगतीत बसलं.

दीक्षा: मामी, हे आधी बोलायचं! ही बघा, ठेवली खाली. मामा, आज ही टोचली असती तर मटणाला शिव्या द्यायलाबी उरला नसता.

हंबीरराव: आवो, त्याच्या आधी दोनदा घेतलीती की! काय सुदीक झालं न्हाय.

दीक्षा: तसंच असतंय. आधी चालतं, मग एक दिवस अंग उलटतं. आणि ज्याचं एकदा उलटलं, त्यालाच पुढं जास्त धोका. पेनिसिलीनच असणार ते. आता कुठल्याबी डॉक्टरकडं गेलात की आधी हे सांगायचं, मग दुखणं. तुम्हाला वेगळं औषध देते. आणि ते घेऊन तासभर हितंच बसायचं.

हंबीरराव: बसतो की. पर मग मटण निर्दोष?

दीक्षा: बहुतेक. तरी पाय बरा झाला की डबा घेऊन या. पहिले चार घास माझ्यासमोर.

हंबीरराव: सा वरसं, डॉक्टरीणबाई! लोकं नळी फोडायची आन मी शेपूची भाजी चघळायचो!

आक्काताई: तुमचं मटण गेलं. माझं म्हायेर गेलं त्येचं काय? आई हातरुणाला खिळली तवाबी मला धाडलं न्हाईसा.

हंबीरराव: ...डबा बाळासोच्याच घरचा आणू.

आक्काताई: चार गावात त्याला इखारी म्हणत फिरलासा. आन तो डबा देतोय व्हय?

हंबीरराव: तू माग की. भन हाईस.

आक्काताई: न्हाय. मागायचं तुम्ही. मी नुसती संगट येणार.