बाहीतलं प्लास्टर

मास्तरीण : मावशी, तुमच्या बाहीत काय वाजतंय?

मावशी : बांगडी असेल.

मास्तरीण : बांगडी टकटक नाही वाजत. बाही वर करा बघू... अहो, हे तर प्लास्टर! हात कधी मोडला?

मावशी : मोडला नाही. आज मोडणार होता, म्हणून सकाळीच घालून घेतलं. तीस वर्षं हाडांच्या दवाखान्यात लोकांना प्लास्टर घालतेय. तहान लागल्यावर विहीर खणायची माझी सवय नाही.

मास्तरीण : आणि कमरेत काय कोंबलंय?

मावशी : कापूस. एकच गुंडाळी.

मास्तरीण : मावशी!

मावशी : बरं, दोन.

मास्तरीण : तीन आठवडे झाले ज्युदोला येऊन. आठ वर्षांची पोरं धपाधप पडून घरी गेली, तुम्ही अजून चटई झटकताय. डोक्यात शिरत नाही का मी सांगते ते?

मावशी : तोंडपाठ आहे. हनुवटी छातीला, पाठ गोल, हात टेकायचा नाही, तळहात सपकन चटईवर आपटायचा. डोक्याला सगळं कळतं गं, कंबर ऐकत नाही. आणि आवाज खाली. अकरा वर्षांची असताना मनगट मोडून आलीस, तेव्हा अख्खा दवाखाना डोक्यावर घेतला होतास. मीच जोडलं ते.

मास्तरीण : उपकार झाले. आता खरं सांगा, इथे आलात कशाला? फॉर्मवर 'वजन कमी करणे' लिहिलंय. वजन तर वाढलंय, कापूस धरून.

मावशी : हसणार नसशील तर सांगते. मागच्या वर्षी जिन्यात पडले. मोडलं काही नाही, पण भीती बसली ती बसलीच. नात सात महिन्यांची झाली, मी तिला बसूनच घेते. ती रडून आकांत करते, तरी मी उभी राहत नाही. लेकीला सांगितलंय, गुडघे दुखतात.

मास्तरीण : आणि गुडघे?

मावशी : ठणठणीत. तिला घेऊन पडले तर, एवढंच डोक्यात. एवढ्याशा हातांना प्लास्टर घातलंय मी. लाज वाटते गं, आजी म्हणवून घ्यायला.

मास्तरीण : कात्री आहे?

मावशी : पर्समध्ये. प्लास्टर कापायची असतेच.

मास्तरीण : काढा ते प्लास्टर. कापूसही काढा, आणि दोन्ही गुंडाळ्या एकत्र करून डाव्या हातानं छातीशी धरा. अशी नाही, पिशवी आहे का ती? मान सांभाळा तिची.

मावशी : कुणाची?

मास्तरीण : नातीची. आता उकिडव्या बसा. पडणार नाही असं वचन मी कुणालाच देत नाही. पडायचं कसं, तेवढं मला येतं. तिच्यावर गोल व्हा आणि मागे जा.

मावशी : आई गं... मेले मी. मेल्यावर घरी तूच कळव.

(सपकन एक आवाज.)

मास्तरीण : मावशी? डोळे उघडा.

मावशी : कापूस कुठाय?

मास्तरीण : छातीशीच आहे.

मावशी : चेपला?

मास्तरीण : जरासुद्धा नाही.

मावशी : हात धर माझा. आता उभ्यानं.