नागपूरची गाडी, बेलोऱ्याचं विमान

मी मूळचा अकोल्याजवयच्या शिवणीचा. काय सांगू तुमाले, आमच्या तठी धावपट्टी माह्या जन्माच्या आधीपासून हाय, पन विमान? कोनी मोठा मानूस आला तं एखादं. बाकी सालभर आमी पोट्टे तारेबाहेर बकऱ्या घेऊन उभे. माहा बाप दरसाली म्हने, पुढच्या साली रोजचं विमान येते पाहा. बाप गेला, विमान अजून येऊनच राहिलं.

लगन झालं, अमरावतीत आलो, गाडी चालवू लागलो. अमरावती ते नागपूर एअरपोर्ट, हाच धंदा, चोवीस वर्षं. आधी विमानानं कोन जाये? मोठे डॉक्टर, नाहीतं कापसाचे व्यापारी. मंग पोट्ट्यायले पुन्या-बंगलोरात नोकऱ्या लागल्या, मंग त्यायच्या माया निघाल्या, पिशवीत खारोड्या घेऊन. एका म्हातारीनं तं चपला माह्या गाडीतच काढल्या, म्हने देवायच्या जवय जाऊन राहिलो बाप्पा. मी लय हासलो. पन मोझरी, तिवसा, कारंजा, कोंढाळी, रस्त्यातला एकएक खड्डा मले पाठ. माह्या हातून एकाचंही विमान चुकलं नाही, छाती ठोकून सांगतो, एकाचंही नाही.

पोट्टी एकच, वैशाली. लहानपनी माह्यासंगं गाडीत यायची, एअरपोर्टच्या काचेतून आतल्या पोरी पाहे अन् म्हने, बाबा, मी अठीच नोकरीले लागनार. लागली! मुंबईच्या एअरपोर्टवर, लोकायचं सामान मोजून त्याले चिठ्ठी लावते. कमल, म्हंजे तिची माय, आयाबायायले सांगत फिरे. अन् पोट्टी घरी आली का कमल तिले उंबरठ्यावरच थांबवे, भाकर तुकडा अन् पानी तिच्यावरून उतरवून दूर फेके, मंगच आत घे. पोट्टी चिडे, भूक लागली वं माय. कमल म्हने, इतक्या वरून आली तू, कोनाकोनाची नजर लागली असन, गुमान उभी राह्य.

मंग आपल्या अमरावतीच्याच एअरपोर्टवर, बेलोऱ्याले, विमान आलं, मुंबईहून सीधं. माह्या सवाऱ्या कमी झाल्या, पन पयल्या दिवशी पेढे मीच वाटले, बापाच्या नावानं.

तवाच कमल आजारी पडली, अन् दुखनं वाढत गेलं. लिव्हर गेलतं तिचं. एक दिवस डॉक्टर म्हनले, पोरीले बोलावून घ्या. वैशालीचा दुपारी फोन, बाबा, नागपूरचं तिकीट भेटून राहिलं, सांजी उतरतो, घेऊ का? अन् मी म्हनलं, थांब. काहून म्हनलं? कमल खाटेवरून हात हालवून म्हनून राहिली होती, आपल्या बेलोऱ्यावर उतरू दे तिले, मले गाडीत घालून घेऊन चाल, मी तठीच दारात भाकर तुकडा उतरवतो. अन् खोटं काहून बोलू, मलेही हौस. बाप ज्याची वाट पाहतपाहत गेला, त्या विमानातून माही पोट्टी उतरन. मी म्हनलं, नागपूर कायले वं, उद्या सकायी आपल्याच गावात उतर. साऱ्या दुनियेले नागपूरचा रस्ता दाखवला मी, अन् सोताच्या पोरीले नको म्हनलं. अक्कल कुठी गेलती माही!

सकायी आभाय भरून खाली आलतं. कमलले उठवताच येईना, म्हून घरीच थांबलो. भाकर तिच्या मुठीत. तेवढ्यात आवाज आला. विमान आमच्या टिनावरून गेलं, फिरून आलं, पुन्हा गेलं. कमल हासली हो. म्हने, आली माही वैशी, दार उघडं ठेवा. मी उघडलं. मंग आवाज लांब गेला, अन् परत आलाच नाही.

ढगात धावपट्टी दिसेना म्हून विमान नागपूरले नेलं, हे फोन आला तवा समजलं. माहा दोस्त रशीद सवारी सोडून तठीच होता, त्यानं पोरीले बसवलं अन् गाडी हानली. ते कारंजापर्यंत आले अन् अठी कमल गेली. दाराकडं पाहतच गेली.

पोट्टी आली. मी तिले उंबरठ्यावर थांबवलं. कमलच्या मुठीतून भाकर सोडवली, पोरीवरून उतरवली, पन फेकवली नाही हो मले. पोट्टी म्हने, बाबा, मी कालच आली असती. एवढंच. पुन्हा कधी बोलली नाही, पन मले ते रोज आयकू येते.

आता बेलोऱ्याच्याच सवाऱ्या घेतो. विमानाचा राग नाही, किती जनायची लेकरं घरी आनली त्यानं. पन कोनी आजारी मानसासाठी लेकराले बोलावून राहिलं, तं मी मधात बोलतो. जे पयलं भेटन त्यानं बोलवा, नागपूर तं नागपूर, मी आनून देतो. लोक म्हनते, ड्रायव्हर आपला धंदा पाहून राहिला. म्हनू द्या.

विमान डोक्यावरून गेलं का मी गाडी बाजूले लावतो. ते खाली टेकेस्तोवर हालत नाही. साऱ्यायची लेकरं येयेवर घरी पोचू दे बाप्पा, कोनाची माय दाराकडं पाहत नको जाऊ दे.