मागचं बटण, पुढचा दिवा

आता बळीरामभाऊ गाडी सोडून गावी राहतात, म्हणून सांगतो. सत्तर-बहात्तर सालची गोष्ट. नंदनवन वस्तीत माझं मोटार-वायरिंगचं दुकान होतं. बळीरामभाऊ ड्रायव्हर होते; आपल्या शेठचा ट्रक घेऊन आले अन् म्हणाले, "रिव्हर्ससाठी वेगळं बटण लावून दे गा. बटण मागं, क्लीनरच्या हाताशी. दिवा समोर, माह्या डोळ्यापुढं."

म्हटलं, "असं उलटं काहून, भाऊ? क्लीनर मागून 'थांबा' म्हणून ओरडते ना?"

ते माझ्या ओठांकडे पाहून राहिले. तेव्हा कुठं समजलं, भाऊंना ऐकूच येत नव्हतं.

"शेठले सांगू नको," ते हळूच म्हणाले. "तो गाडी काढून घेईन."

मी तार ओढून दिली.

आठ दिवसांनी शेठ स्वतःच दुकानात आला. "बळीरामच्या गाडीत तो दिवा कायचा लावला?"

"रिव्हर्सचा," मी म्हटलं.



"माह्या बाकीच्या दोन गाड्यांलेही लाव," तो म्हणाला. "एकट्या बळीरामच्या गाडीत दिसला तं लोकं विचारतीन."