दादाचे चार तारे

धाकटी : चार तारे? दादा, चार? हात कसा धजावला तुझा?

दादा : खांद्यावरून परीक्षण वाचू नकोस. शंभरदा सांगितलंय.

धाकटी : जेवणाच्या टेबलावर पेपरचं ऑफिस थाटलंस तर दिसणारच. त्या माणसाला चार तारे!

दादा : माणसाला नाही, सिनेमाला. माणसाला मी दारातसुद्धा उभं करणार नाही.

धाकटी : वा! म्हणजे सिनेमा आभाळातून पडला!

वहिनी : झालं का सुरू परत? सकाळपासून एकच दळण. मला ताटं मांडायचीत इथे.

दादा : अगं, तू तरी समजव हिला. सेटवरच्या बायकांनी त्या दिग्दर्शकावर काय काय आरोप केलेत, तो कसा हात झटकून मोकळा झाला, सगळं लिहिलंय मी. पहिल्याच परिच्छेदात!

धाकटी : आणि दुसऱ्यापासून गोडवे गायलेस.

दादा : चांगल्याला चांगलं म्हणायचं नाही का? किल्ला पडतो तो भाग आठव. रक्तामातीचा चिखल, माणसं घोड्यांखाली चिरडली जाताहेत, आणि तरी एकदाही 'काय लढाई आहे!' असं वाटत नाही. नजर वळवावीशी वाटते नुसती. कुणाला जमतं हे?

धाकटी : त्या चिखलात मी उभी होते. मला नको सांगूस.

दादा : होतीस ना! त्याची सहायक म्हणून मिरवत गेलीस आणि एक दिवस बॅग घेऊन दारात उभी राहिलीस. काय झालं विचारलं, तर 'काही नाही'. दोन वर्षं झाली, 'काही नाही'! मी लिहू काय? बहिणीला काहीतरी झालं, काय ते ती सांगत नाही, सबब सिनेमा वाईट?

वहिनी : आवाज खाली, हं.

दादा : संपादकाचे दोन फोन येऊन गेलेत, आणि ही इथे ठाण मांडून बसलीय!

वहिनी : मग एकदा मोठ्यानं वाच, आणि मिटवा काय ते. भाजी निवतेय.

दादा : ऐका. "एवढ्या रणधुमाळीत लक्षात राहतात ते दासीचे हात. दरवाजा फुटतोय आणि ती राणीला चिलखत चढवतेय. चेहरा दिसत नाही, नुसते हात. इतके थरथरतात की चिलखताचे बंद बांधता येत नाहीत. दिग्दर्शकाची सगळी ताकद इथे दिसते."

धाकटी : शेवटचं वाक्य परत वाच.

दादा : "दिग्दर्शकाची सगळी ताकद इथे दिसते." का? काय चुकलं?

धाकटी : काही नाही. दिसते खरी.

वहिनी : अगं, रडतेस काय? बस. बस आधी.

धाकटी : ते हात माझे आहेत.

दादा : काय?

धाकटी : दासी झालेली मुलगी त्याच्या जाचाला कंटाळून सकाळीच निघून गेली. चेहरा दिसणार नव्हता, मग मलाच उभं केलं. माझे हात थरथरेनात. त्यानं कॅमेरावाला सोडून सगळ्यांना बाहेर काढलं, राणीच्या जागी पुतळा उभा केला, दार लावलं, आणि कानाशी येऊन बोलत राहिला. मला काय काय करीन ते. कॅमेरा चालूच. त्याच्या मनासारखं होईपर्यंत.



दादा : तीनदा बघितला मी तो सीन. तीनदा! आणि तुझे हात ओळखले नाहीत.

धाकटी : चिखलानं माखले होते रे.

दादा : खोडतो. सगळंच खोडतो, ताऱ्यांसकट.

धाकटी : नको खोडूस.

दादा : अगं, आता काय! सकाळपासून डोकं खाल्लंस माझं!

धाकटी : सिनेमा चांगला आहे. गुपचूप जाऊन बघून आले मी. मीही नजर वळवली. त्याचाच तर संताप होतो! वाईट असता तर केव्हाच विसरले असते.

वहिनी : मग काय लिहायचं त्यानं? काही ठरवशील का?

धाकटी : ते ताकदीचं वाक्य काढ.

दादा : काढलं. त्या जागी तुझं नाव घालू?

धाकटी : नाव नको. पण तू लिहिलंस, तिला बंद बांधता येत नाहीत. तो कानाशी सारखा 'बंद सोड, सुटू दे' म्हणत होता. परत जाऊन नीट बघ, दादा. शेवटचा बांधलाय मी.