माझा न पाझरणारा माठ

तुम्हाला माझ्या पहिल्या प्रदर्शनाचं सांगतो. स्टोनवेअर म्हणजे दगडासारखी पक्की भाजलेली भांडी. भट्टी तेवढी तापवायला शिकण्यात माझी तीन वर्षं गेली होती. पहिला माठ मी देवगावच्या आत्याला दिला होता. प्रदर्शनाला ती एसटीनं आली आणि माझ्या माठांशेजारीच खुर्ची टाकून बसली.

वेरूळचा एक हॉटेलवाला आला. त्याला खोल्याखोल्यांत ठेवायला माठ हवे होते.

मी म्हटलं, "साहेब, थेंबभर पाझरणार नाही."

आत्या लगेच म्हणाली, "खरंय. महिना झाला, खालची चुंबळ बी ओली नाय झाली."

हॉटेलवाला खूश. "वा! आणि पाणी थंड किती होतं, मावशी?"

मी आत्याकडं बघून डोळे वटारले. पण ती कुठली ऐकतेय!

"पाझरतच नाय, तर थंड कसं व्हईल, सायेब? हिवाळ्यात मातर लई चांगलंय."

हॉटेलवाला हसत हसत निघून गेला. मी कपाळाला हात लावून बसलो.

आत्यानं मायेनं पाठीवर हात फिरवला. "जाऊ दे रं लेकरा. शिकशील हळूहळू. पुढच्या खेपंला जरा कच्चा भाज."