उन्हात बसलेला माळी

प्रभूच्या नावानं जमलेल्या मायबापहो, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. ज्याच्यावर आपला जीव आहे, त्याच्या डोक्यावरची सावली आपण आपल्या हातानं काढू का? बोला!

तर मंडळी, ऐका! नगर जिल्ह्यातलं एक गाव. गावाबाहेर रोपवाटिका. आत काय? मिरचीची रोपं! बोटभर उंच, ट्रेमध्ये रांगेनं उभी, वर हिरव्या जाळीची सावली. जणू रविवारची शाळाच! फरक इतकाच, की रोपं गप्प बसतात.

तिथं काम करायची रिबकाबाई. तिचे यजमान शमुवेल आपल्यासारख्याच एका मंडळीत झांजा वाजवायचे. सुगीच्या सणाला त्यांच्या झांजा वाजल्या, की म्हातारी माणसं काठी टाकून टाळी धरायची! आणि एका पावसाळ्यात, चार दिवसांच्या तापात, शमुवेल गेले. झांजा खुंटीवर राहिल्या. रिबकाबाईनं चर्च सोडलं. प्रार्थनेला बसली की ओठ हलत, आतून काही येत नसे.

शेजारीण म्हणाली, "अगं, निदान सणाला तरी ये."

"येईन ना! झांजा परत करायला येईन. पाळकसाहेबांच्या हातात ठेवीन, अन् तुमच्या देवाला शेवटचा सलाम!"

तुमच्या देवाला! कालपर्यंत 'माझा' होता, मंडळी. दुःख माणसाचा शब्दसुद्धा बदलतं!

सण आला बारा दिवसांवर. आणि रोपवाटिकेत म्हातारे माळी दौलतमामा म्हणाले, "रिबके, जाळी काढ. आजपासून पाणी फक्त सकाळी एकदा. दुपारचं बंद."

"मामा! कोवळी आहेत हो!"

"म्हणूनच. आठवड्यानं शेतात जायचीत. तिथं जाळी कोण धरणार, तुझा सासरा?"

जाळी निघाली. दुपारपर्यंत रोपांनी माना टाकल्या. रिबकाबाईला वाटलं, ही तर मीच! मामा भाकरी खायला विहिरीवर गेले, तशी तिनं झारी उचलली आणि कडेच्या दोन ट्रेंना पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. रोज पुन्हा! दया केली बाईनं. दया करणं चूक आहे का? थांबा, घाई करू नका.

सात दिवसांत तिचे दोन ट्रे कसे झाले म्हणता? हिरवेगार! लुसलुशीत! बाकीची रोपं बुटकी, काळपट देठांची. रिबकाबाई मनात म्हणाली, "बघ देवा, तुझ्यापेक्षा मला जास्त माया आहे!"

आता मामांची एक रीत होती. रोपांची पाठवणी करण्याआधी प्रत्येक ट्रेमधली चार रोपं ते बांधाकडेच्या उघड्या वाफ्यात लावून बघत. लावली. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी रिबकाबाई वाफ्यावर आली — आणि खालीच बसली. तिची लाडकी रोपं मातीवर आडवी! आणि ती बुटकी, काळपट? ताठ उभी! एकाला तर नवं पान.

"मामा... मी चोरून पाणी घालत होते."

"ठाऊक होतं. ट्रेंची बुडं ओली लागायची हाताला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर ऐकलं असतंस? दोनच ट्रे होते. म्हटलं, तुझ्या शिकण्यापायी गेले तर जाऊ देत."

रिबकाबाई चिडली. "तुम्हाला दयाच नाही, मामा! रोपं तडफडतात अन् तुम्ही नुसते बघता!"

मामांनी डोक्यावरचं फडकं काढलं. कपाळाची कातडी सोलून निघालेली. म्हणाले, "पोरी, जाळी काढल्यापासून मी कुठं बसतो, पाहिलंस का कधी?"

तिला आठवलं. झाडाची सावली वीस पावलांवर होती. मामांचं पोतं मात्र ट्रेंच्या शेजारी, रखरखत्या उन्हात!

"मी सावलीत बसलो, तर त्यांना किती ऊन लागतंय हे मला कसं कळावं? अन् पाणी मी कमी केलं, गं. बंद नाही केलं. रोज सकाळी येतोच की."

सावली काढिली । माळी नाही गेला ।
उन्हात बैसला । रोपांसवे ॥

मंडळी, दौलतमामा चर्चला जाणारे नव्हेत. पण त्या दिवशी रिबकाबाईला त्यांच्यात वधस्तंभावरचा ख्रिस्त दिसला, आपल्यासोबत ऊन सोसणारा. शमुवेलला देवानं तिला शिकवण्यासाठी नेलं, असं मी म्हणणार नाही. ते मला कळत नाही, आणि कळल्याचा आव आणावा असं हे व्यासपीठ नव्हे. तिला कळलं ते इतकंच — ऊन होतं, पण ती उन्हात एकटी नव्हती. शेजारणीचं रोज दार वाजवणं, एखाद्या सकाळी विनाकारण आलेला हुरूप... पाणी येतच होतं. थोडं. रोज.

सुगीचा सण उजाडला. भोपळे, ज्वारीची कणसं, कोंबड्यांची कलकल! रिबकाबाई फडक्यात झांजा बांधून आली. पाळकसाहेबांनी हळूच हात पुढे केला. "द्या बाई. कपाटात जपून ठेवतो."

तिनं गाठ सोडली. झांजांकडे पाहिलं. म्हणाली, "कपाटात नको, साहेब. तबलेवाल्याला सांगा, जरा संथ धर. माझ्या हाताला सवय नाही."

पहिला ठोका चुकला! दुसराही! तिसरा लागला, आणि मागच्या बाकावरच्या म्हातारीनं काठी खाली ठेवली.

आता तुम्ही सांगा. तुमच्यापैकी कुणाची जाळी निघाली आहे? हात वर करू नका, मी कुणाकडे पाहत नाही. फक्त घरी जाल तेव्हा वीस पावलांवरच्या सावलीत देवाला शोधू नका. त्याचं पोतं तिथं नाहीच. आपल्या शेजारी बघा. आणि उद्या सकाळी ओंजळ पुढे करा. परवा पुन्हा करा.

चला, झांजा उचला. चुकल्या तरी चालतील!