मधलं दार

माझं माहेर पांझरेकाठचं. आमचे आबा फडाचे पाटकरी, म्हणजे नदीवरच्या बंधाऱ्याचं पाणी पाटानं यायचं, ते कोणाच्या शेतात कधी सोडायचं हे आबांच्या हातात. दुसऱ्या कोणी पाटाचं दार उघडलं तं आबा त्याच्या सात पिढ्या उद्धारायचे, आणि माणूस गुमान ऐकून घ्यायचा, काय सांगू तुम्हाला, पाटीलसुद्धा.

मंग शिंदखेड्याचं स्थळ आलं. मुलगा मुंबईला विमानतळावर मेकॅनिक, दोन इंजिनांची पंखेवाली विमानं असतात ना, त्यांच्या तेलाचं काम. मी कवाडाआडून पाहिलं, मला आवडला, खोटं कशाला बोलू. पण दुरुस्ती झाली की विमान वर नेऊन पाहतात, तेव्हा यालाही आत बसावं लागतं, हे कळलं आणि आबांचं तोंडच उतरलं. वर तेल सरनं ते? मनी आंडेर, मनी पोर मी आभायले टांगाले देऊ का? पोहे तसेच निवले. मी आत बसून देवाला म्हणत होते, आबांच्या तोंडून नाही निघू देऊ नको.

तर मुलगा उठला, म्हणाला, आबा, जरा परसात चला. खुरप्यानं त्यानं जमिनीत दोन खड्डे केले. हे दोन पंख, तेल पंखात राहतं, पोटात नाही. प्रत्येक खड्ड्यातून एक चारी काढून एकेका वांग्याच्या झाडाला नेली, ही दोन इंजिनं, ज्याचं तेल त्याला. तुमचं पाणी उतारानं जातं, आम्हाला उतार कुठला, म्हणून टाकीच्या तळाला पंप, वाटेत गाळणी. तेल रॉकेलसारखंच, त्यात पाणी आलं तं खाली बसतं, ते रोज सकाळी तळातून काढून टाकायचं. आणि दोन खड्ड्यांच्या मधोमध एक चारी काढून तिच्यात ढेकूळ ठेवलं. आता पाणी आणा म्हणाला. घागर घेऊन जायला घरात कोण, मीच! आई डोळे वटारत राहिली, मी नव्या पातळात चिखलात उभी.

पाणी ओतलं, दोन्ही झाडांना गेलं. मंग त्यानं एका झाडाची चारी बुजवली. हे इंजिन बंद पडलं, आबा. याच्या पंखातलं तेल तसंच राहणार, म्हणजे एक पंख जड, एक हलका. पुढचं तो बोलायच्या आत आबांचा हात आपोआप गेला नि मधलं ढेकूळ निघालं. दोन्ही खड्ड्यांचं पाणी एका झाडाला लागलं. आबांनी विचारलं, मंग हाई दार कायम उघडं का बरं ठेवतस नही? तो म्हणाला, तुम्ही ठेवता का, आबा? एका टाकीत घाण निघाली तं दोन्ही इंजिनं बसतील.

आबा असे हसले, असे हसले, आईला म्हणाले, पोहे गरम कर.

लग्नानंतर काही वर्षांनी, एका दुपारी हे घरी आले, ताटावर बसले, भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, आज वर एक इंजिन बंद करावं लागलं. आबांना सांग, मधलं दार उघडलं. तव्यावरची भाकर जळून गेली. मी आधी रडले, मंग चांगलं फैलावर घेतलं, जसं काही इंजिन ह्यांनीच बंद पाडलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले तेव्हा आबांना सांगितलं. आबा उठले, डोक्याला फेटा गुंडाळला, भर उन्हात निघाले. म्हटलं, कुठे चालले? म्हणे, मी सारा गावले सांगस, मना जवाई बी पाटकरी शे.

आता आबा नाहीत. आम्ही धुळ्यात घर बांधलंय, हे रिटायर झाले, मागे वांगी लावलीत, मधे चाऱ्या काढल्यात. परवा मी आपलं एका चारीचं ढेकूळ काढलं, तं ह्यांनी माझ्या सात पिढ्या उद्धारल्या. अगदी आबा. मी गुमान ऐकून घेतलं. असेच ओरडत राहा म्हटलं, देव तुम्हाला खूप आयुष्य देवो.